‘धुरा’च्या पेटीची फिर्याद

मित्रांनो, नाक मुरडा हवं तर, पण ऐकून जा. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. बेलदरी गावाच्या समाजमंदिरामागे एक कोंदट खोली आहे, तिथे मी पडून असते. माझ्या अंगावर तीन मोडक्या खुर्च्या आहेत, मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स आहेत आणि एक गळका फवारणी पंप आहे. त्याचं औषध माझ्या झाकणावर ठिबकून पांढरा डाग पडलाय. माझ्या भात्याला वीतभर लांब चीर आहे. त्या चिरेतून उंदरीण आत शिरते आणि माझ्या पोटात पिलं घालते. पूर्वी तिथून सूर निघायचे.

मला दया नको. मला फिर्याद सांगायची आहे.

नांदेडच्या एका कारागिराने मला घडवलं. सागवानी अंग, पितळी सुरांच्या दोन रांगा आणि पांढऱ्या पट्ट्या इतक्या गुळगुळीत की बोट आपोआप पुढे सरकावं. माझी पहिली वीस वर्षं नरसीच्या एका भजनी मंडळात गेली. चांगली वर्षं होती. लोक हार आधी देवाला घालायचे आणि उरलेलं फूल माझ्या डोक्यावर ठेवायचे. मग मंडळाला नवी पेटी आली आणि मी कोनाड्यात गेले. तिथून मला मसाजीने मागून आणलं.

मसाजी मेंढपाळाच्या घरातला. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय वाळला. ज्या घरात सगळे दिवसाला दहा कोस मेंढरांमागे चालतात, तिथे न चालणारं पोरगं म्हणजे काय, ते तुम्ही समजा. सगळे रानात गेले की तो एकटा घरी राहायचा. गाणं तो रेडिओवरून आणि आपल्या आईच्या ओव्यांवरून शिकला. त्याला गुरू मिळाला नाही, कारण त्याच्या दारापर्यंत कुणी गुरू चालत आला नाही. माझा भाता पहिल्यांदा फुटला तेव्हा त्याने दाभण घेऊन मेंढीच्या कातड्याची पट्टी शिवली. ती पट्टी अजून टिकून आहे. फाटलंय ते तिच्या शेजारी.

मसाजीचा पुतण्या हनुमान. बावीस वर्षांचा, हसरा, मेंढरांना शिव्या घालतानाही लाडाने घालणारा. “काका, तुमच्या पेटीपेक्षा माझी ढवळी मेंढी सुरात वरडती,” असं म्हणायचा. मला राग यायचा. पण ढवळी खरंच सुरात ओरडायची.

एका पौषात हनुमानने सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मेंढरं रानात बसतात, लेंड्यांचं खत पडतं, शेतकरी त्या बदल्यात धान्य देतो. सकाळी काही मेंढरं धुरा ओलांडून शेजारच्या हरभऱ्यात गेली. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, दोन पावलांचा. हरभरा पलीकडच्या गावच्या विश्वंभरचा होता. तोही पंचविशीतला. आधी शब्द झाले, मग शिव्या, मग कुऱ्हाडीचा दांडा. हनुमान त्या धुऱ्यावरच गेला. विश्वंभर दांडा हातात धरून तिथेच बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. पळाला नाही. त्या सकाळी दोन्ही घरं बुडाली.

हनुमानची आई अनुसयाबाई, मसाजीची भावजय. ती तेरा दिवस ज्या सुरात रडली तो सूर मसाजीच्या कानात बसला. पुढे दोन महिन्यांनी कोर्टाची तारीख होती. मसाजी कुबडी घेऊन हिंगोलीला गेला. तिथे विश्वंभरला गाडीत चढवताना त्याची आई आशाबाई व्हरांड्यात खांबाला धरून रडत होती. मसाजी घरी आला, जेवला नाही, सरळ माझ्यापुढे बसला. आधी भावजयीचं रडणं त्याने माझ्यावर वाजवलं. मग आशाबाईचं वाजवायला लागला आणि थबकला. बोटं त्याच पट्ट्यांवर पडत होती.

त्याने तीनदा वाजवून पाहिलं. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या दिवशी मलाही घाम फुटला.

त्यातून ‘धुरा’ जन्माला आलं. सगळं नाटक गाण्यात, बोलणं एक वाक्यही नाही. शाळेतल्या सरांनी सांगितलं, याला संगीतिका म्हणतात. मसाजी म्हणाला, “नाव काही बी असू द्या सर. माणूस बोलताना लई खोटं बोलतो. गाताना जरा कमी.”

दोन्ही आया एकटी रागिणीच गायची. रागिणी मसाजीची लेक, नर्सिंगचं शिकत होती. खांद्यावर घोंगडी घेतली की ती अनुसयाबाई, घोंगडी खाली ठेवून डोक्यावर पदर घेतला की आशाबाई. पहिली आई म्हणायची:

वाट बघू किती बाई, उभी धुऱ्याच्या कडेला,
मेंढरं आली घरी, माझा लेक न्हाई संगतीला.

दुसरी त्याच चालीत म्हणायची:

वाट बघू किती बाई, उभी दाराच्या कडेला,
जिता हाय माझा लेक, तरी न्हाई संगतीला.

आणि शेवटचं गाणं दोघींचं होतं. त्यात रागिणी घोंगडी जमिनीवर अंथरून अर्ध्या भागावर बसायची, अर्धी मोकळी ठेवायची. अनुसयाबाईचा भाग ती गायची आणि आशाबाईचा भाग मी. शब्दांशिवाय, नुसत्या सुरात. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गळ्यामागे पळत आले होते. पहिल्यांदा मला गायला माझं स्वतःचं माणूस मिळालं होतं. तालमीत ते गाणं झालं की मसाजी बराच वेळ हात उचलायचा नाही.

ते गाणं आजपर्यंत एकाही प्रेक्षकाने पूर्ण ऐकलेलं नाही. माझी फिर्याद तीच आहे.

पहिला प्रयोग बेलदरीतच, मार्गशीर्षातल्या जत्रेत, दुपारी कुस्त्यांच्या आधी. आणि इथे मसाजीने चूक केली. माझा धनी होता म्हणून मी ती झाकणार नाही. त्यांच्या घराण्यात रीत आहे की गेलेल्या माणसाची घोंगडी वर्षभर देवापुढे घडी करून ठेवायची. वर्ष भरेपर्यंत ती कुणी अंगावर घ्यायची नाही, कारण तोवर ती त्याचीच असते. हनुमानचं वर्ष भरायला महिना बाकी होता. अनुसयाबाई शेतावर गेलेली असताना मसाजीने तिच्या देवघरातून ती घोंगडी काढून आणली. रागिणीला सांगितलं, वहिनीनंच दिली. त्याला रंगमंचावर खरी वस्तू हवी होती. “मी काय परका हाय का? माझा बी पुतण्या होता,” असं तो माझ्याशीच पुटपुटला होता.

पहिलं गाणं झालं. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. दुसरं सुरू झालं, आशाबाईचं. चाल तीच, हे ओळखून गर्दीत कुजबुज झाली. “आरं, ही तर आपल्या बाईची चाल. त्या खुन्याच्या आईला काहून दिली?” तेवढ्यात अनुसयाबाई गर्दीतून उठली, तडक वर आली, खाली ठेवलेली घोंगडी उचलून तिने छातीशी धरली आणि मसाजीकडे वाकून म्हणाली, “भाऊजी, माझ्या लेकराची घोंगडी कुणाला इचारून काढली?”

एवढंच. दुसरा शब्द नाही. घोंगडी घेऊन ती उतरली आणि घरी गेली.

तिचं बोलणं दोघांनीच ऐकलं. मसाजीने आणि मी. आशाबाई झालेली रागिणी डोळे मिटून गात होती आणि खाली गलका वाढला होता; त्या गलक्यात प्रयोग तिथेच बंद पडला. कुणीतरी मोबाईलवर तीस सेकंद टिपली. त्यावर रडकं संगीत चढवलं आणि खाली लिहिलं, खुन्याच्या आईचं गाणं ऐकून शहीद मेंढपाळाच्या माउलीने नाटक उधळलं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या जिल्ह्यात फिरलं.

तिने नाटक उधळलं नव्हतं. ती आपली वस्तू घ्यायला आली होती. पण तिला विचारायला एक माणूस गेला नाही. पुढारी गेले, तेही तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला. माईकवर तेच बोलले. ती नुसती बसून होती.

आणि मसाजी? त्याचं घर तिच्या घरापासून दहा घरं पलीकडे. कुबडी घेऊन गेला असता तरी पाच मिनिटं लागली असती. “वहिनी, चुकलो” एवढं म्हणायचं होतं. नाही गेला. दुसऱ्या दिवशी शहरातून माणसं आली आणि त्याला म्हणाली, तुम्ही कलेसाठी सोसताय. त्याला ते ऐकायला बरं वाटलं. घोंगडी चोरली, यापेक्षा कलेसाठी सोसलं, हे सांगायला सोपं असतं. मी रोज त्याच्या बोटांखाली होते, मला सगळं कळत होतं. पण माझ्यावर बोटं पडली तरच मी बोलते, आणि ती बोटं त्याचीच होती.

दुसरा प्रयोग हिंगोलीच्या एका सभागृहात ठरला. त्याविरुद्ध दोन अर्ज गेले, एक मेंढपाळांच्या संघटनेचा, दुसरा शेतकऱ्यांच्या संघटनेचा. मसाजीने दोन्हींच्या नकला माझ्या झाकणावर ठेवून मोठ्याने वाचल्या आणि हसत सुटला. कचेरीबाहेरच्या एकाच माणसाने दोन्ही टाईप केले होते. ओळन् ओळ तीच, फक्त समाजाचं नाव बदललेलं. आमच्या भावना दुखावल्या, आमच्या माउलीचा अपमान झाला, बंदी घाला. अर्जाची चाल एकच होती. आणि तक्रार काय, तर दोघींना एकच चाल दिली म्हणून!

परवानगी मिळाली, मग प्रयोग चालू असताना ती रद्द झाली. दिवे गेले. भर दुपार होती, पण बंद सभागृहात काळोख. रागिणी अंधारात दोन ओळी गात राहिली. मग एक साहेब टॉर्च घेऊन वर आले आणि त्यांनी आपला तळहात माझ्या पट्ट्यांवर दाबून ठेवला. मसाजीचा हात भात्यावर होता, हवा भरलेली होती. सात-आठ सूर एकदम किंचाळले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात घाण आवाज. साहेब म्हणाले, “बस झालं. घरी जा, आम्हाला तकलीफ नको.”

तिसरा प्रयोग कनेरगाव नाक्यावर. रतनसिंग नावाच्या ढाबेवाल्याने मागचं अंगण दिलं. म्हणाला, “सभागृहाला परवानगी लागते, माझ्या खाटा-बाजा टाकायला कुणाची लागते?” ट्रकवाले, आजूबाजूचे शेतकरी, भाजी विकून परतणाऱ्या बाया, असे शंभरेक लोक जमले. आणि पाण्याच्या टाकीशेजारी, पदर तोंडावर ओढून, एक बाई बसली. मसाजीने तिला ओळखलं, कारण त्याची बोटं एका ठिकाणी अडखळली. ती आशाबाई होती. बहिणीकडे जाते म्हणून घरून निघाली होती.

त्या दिवशी सगळं नीट चाललं. कुणी ओरडलं नाही. एक ट्रकवाला तर भाकरी हातात धरून तसाच बसून राहिला. रागिणीने घोंगडी अंथरली. ही दुसरी घोंगडी होती, बाजारातली. ती अर्ध्यावर बसली. मसाजीने भाता भरला. शेवटच्या गाण्याचा पहिला सूर माझ्या जिभेवर आला होता.

तेव्हा जीप आली. विश्वंभरचा चुलता तातेराव उतरला, मागे सात-आठ जण.

“काय मसाजी, आमच्या घरच्या बाईला नाचवून राहिला का?”

“नाचवत न्हाई तातेराव. रडून राहिली ती. बसा, आयका तर.”

“पुतण्याच्या जिवावर मोठा झालास की रं.”

ते मसाजीला बरोबर लागलं.

टाकीजवळून आशाबाई उठली. “भाऊजी, होऊ द्या की. माझं गाणं हाय म्हणत्यात. मला आयकायचंय.”

तातेराव तिला तिथे पाहून दचकला. मग लोकांकडे बघत म्हणाला, “वहिनी, जीपमध्ये बसा.”

“एकच गाणं राहिलंय...”

“बसा म्हणलं ना!”

ती बसली. तिच्याच नावाने आलेल्या माणसांनी तिलाच गप्प केलं. मग एकाने ऊस तोडायचा कोयता काढला आणि माझ्या भात्यात घातला. हुस्स. त्या गाण्यासाठी भरलेली हवा बाहेर गेली, झालं.

आता यापुढचं ऐका, कारण यात तातेराव नाही, यात चांगली माणसं आहेत. पुण्याकडे, औरंगाबादेकडे मसाजीला बोलावणी आली. शाल, नारळ, भाषण. मलाही न्यायचे, टेबलावर ठेवायचे, चिरेकडे बोट दाखवायचे. लोक हळहळायचे, फोटो काढायचे. एकदा मला हारही घातला. पण चार टाके घालून कुणी शिवलं नाही. मसाजीनेही नाही. ज्याने कधीकाळी दाभण घेऊन मला शिवलं होतं, त्यानेच मला फाटकी ठेवलं. शिवली असती तर दाखवायला काय उरलं असतं? आणि वाजवावं लागलं असतं. आधी दहा घरं पलीकडे जावं लागलं असतं.

पुढे बोलावणी आटली. मसाजीला कावीळ झाली. शेवटच्या आठवड्यात तो दोनदा म्हणाला, “वहिनीकडं जायचंय.” घरच्यांना वाटलं, तापात बरळतोय. तो गेला आणि मी या खोलीत आले.

मागच्या महिन्यात दार उघडलं. रागिणी होती. आता शिरड शहापूरला नर्स आहे. तिच्यामागे अनुसयाबाई, केस पांढरे झालेले, काखेत घडी केलेली घोंगडी. रागिणीने खुर्च्या बाजूला केल्या, पंप उचलला, उंदरिणीला हुसकलं.

“हीच का गं ती?” अनुसयाबाईने विचारलं.

“व्हय काकू.”

“लई बारीक दिसती. मला मोठी वाटली होती.” ती माझ्यापुढे बसली. “शेवटचं गाणं काय होतं? माझ्या नावानं बंद पाडलं म्हणत्यात. मी तर कुणाला बंद करा म्हणलं न्हाई.”

रागिणीने विचारलं, “मंग त्या दिवशी वर काहून आली होतीस?”

“घोंगडीसाठी. ही घोंगडी. इचारलं बी तुझ्या बापाला, कुणाला इचारून काढली म्हणून. सांगितलं न्हाई त्यानं?”

“बाबा म्हणले होते, तूच दिली.” रागिणी म्हणाली. “मी सात वर्सं समजून चालले, तुला माझं गाणं सोसलं न्हाई.”

“गाणं चांगलं होतं. पुढचं आयकायला थांबले असते. पण हातात घोंगडी, डोळ्यात पाणी, अन् खाली सगळा बाजार. घरी गेले. म्हणलं, येईल भाऊजी सांजच्याला. माफी मागंल, मी दोन शिव्या घालीन, अन् मंग म्हणीन, वाजवा आता पुढचं.” तिने मांडीवरची घोंगडी सारखी केली. “चहाचं आधण ठिवलं होतं. न्हाई आला.”



रागिणीने माझं झाकण उघडलं. बोटं ठेवली, भाता ओढला. फुस्. पुन्हा ओढला. फुस्. नुसतं वारं.

“ऱ्हाऊ दे,” अनुसयाबाई म्हणाली. “तू तोंडानं म्हण.”

“माझा भाग म्हणते. दुसरा पेटीचा हाय. आशाबाईचा.”

अनुसयाबाईने घोंगडी झटकली, जमिनीवर अंथरली आणि अर्ध्यावर बसली, जणू तिला कुणी तालीम दिली होती. रागिणी गायला लागली. एक ओळ झाली की ती थांबायची, माझी ओळ यायची होती तिथे. खोलीत शांतता. मग पुढची ओळ. पुन्हा शांतता. मी आतून सगळं वाजवत होते. एकही सूर चुकला नाही. पण ते कुणाला ऐकू जाणार?

गाणं संपलं. अनुसयाबाई म्हणाली, “मधी मधी लई मोकळं ऱ्हातंय. त्या बाईलाच बोलावू की. तिचंच हाय तर तिलाच म्हणू दे. येईल का ती? बस इथं म्हण माझ्याशेजारी. मी काही बोलणार न्हाई तिला.”

रागिणीने मान खाली घातली. “काकू, आशाबाई मागल्या होळीला गेली. लेकाला जेलातून चार तास सोडलं होतं, अग्नी द्यायला.”

घोंगडीच्या मोकळ्या अर्ध्या भागावर अनुसयाबाईने हात फिरवला, सुरकुती होती ती सरळ केली. मग म्हणाली, “मला कुणी सांगितलं बी न्हाई.”

जाताना तिने घोंगडी उचलली नाही. म्हणाली, “असू दे हितं. वर्स कवाच भरलं.” ती अजून माझ्यापुढे अंथरलेली आहे. अर्धी बसून चुरगळलेली, अर्धी तशीच सपाट.

तर मित्रांनो, माझी विनंती ऐका. मला हार घालू नका, माझ्या चिरेचा फोटो काढू नका. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय त्याची वस्तू घेऊ नका, त्याचं दुःखही घेऊ नका. चूक झाली तर चहाचं आधण उतरायच्या आत जा. आणि गाणं आवडलं नाही तर मोडा मला खुशाल, पण आधी ते संपू द्या. मला शिवायला फार काही लागत नाही. एक दाभण आणि मेंढीच्या कातड्याची वीतभर पट्टी. कुणी येणार असेल तर या. गाणारी रागिणी अजून आहे, ऐकणारी अनुसयाबाई अजून आहे, आणि दुसऱ्या बाईचा भाग मला अजून पाठ आहे.